दाराकडे पाठ

स्टोव्ह जमिनीवर होता. मी स्वयंपाकघराच्या दारातच थांबले, कारण डोळ्यांना आधी ओटा दिसला आणि ओटा रिकामा होता. उत्तरेच्या खिडकीखालचा सात फूट लांब, दोन फूट रुंद, बत्तीस इंच उंच काळ्या कडप्प्याचा ओटा. त्यावर वाटीसुद्धा नव्हती. स्टोव्ह खोलीच्या सगळ्यात आतल्या, सगळ्यात अंधाऱ्या कोपऱ्यात फरफरत होता आणि त्याच्यामागे एक बाई भिंतीला पाठ लावून बसली होती, पुढ्यात परात घेऊन. मी उंबऱ्यावर पाऊल ठेवायच्या आधीच तिने मान वर केली होती. ती माझ्याकडे पाहत होती आणि तिचे हात पिठात थांबले होते. मग तिने मला ओळखलं आणि हात पुन्हा हलायला लागले. मला राग आला. रागाच्या खाली आणखी काहीतरी होतं. जिन्याची एक पायरी अजून आहे असं समजून पाय टाकावा आणि ती नसावी, तसं. ते काय होतं हे मला त्या दुपारी सांगता आलं नसतं.

घर नागपुरात जरीपटक्याच्या बाजारामागे होतं. दोन मजली, दाराला पाटी नसलेलं; पाटी लावायची नाही हा समितीचा पहिला नियम. नवऱ्याच्या मारातून निघून आलेल्या बायका आणि त्यांची मुलं इथे सहा महिने, फार तर वर्षभर राहणार, काही काम शिकणार, कुठे खोली मिळाली की जाणार. साल चौऱ्याऐंशी. मी भौतिकशास्त्रात बी.एस्सी. होऊन गणपतराव आर्किटेक्टच्या ऑफिसात नकाशे काढत होते. समितीचं काम गणपतराव फुकट करून देत, म्हणजे माझ्याकडे देत. 'भिंती आहेतच,' ते म्हणाले होते, 'आतलं सगळं तू बघ.' त्या आतल्या सगळ्याखेरीज चार महिने मी दुसरा विचार केला नव्हता. समितीच्या जुन्या दोन खोल्यांत दाटीवाटीने राहणाऱ्या बायकांना मी विचारायला गेले, तुम्हाला घरात काय काय हवं? त्या एकमेकींकडे पाहून हसल्या. 'काही नाही बाई, बरं आहे.' एक म्हणाली, 'पंखा.' उत्तरं मिळाली नाहीत म्हणून मी मोजमापं घेतली. अकरा जणींच्या कोपराची जमिनीपासूनची उंची घेतली, सरासरी काढली, तीतून चार इंच वजा केले आणि ओट्याची उंची ठरवली. नव्या घरात येऊन स्वयंपाकघरात नऊ ठिकाणी उदबत्ती लावली आणि धूर कुठे वळतो ते कागदावर बाणांनी काढलं. सगळे बाण उत्तरेच्या खिडकीकडे जात होते. म्हणून ओटा खिडकीखाली. उभ्याने काम, कंबर वाकणार नाही, डोळ्यात धूर जाणार नाही, समोर उजेड. प्रत्येकीच्या खाटेखाली कुलूप लागेल अशी पेटी, मुलांच्या पाट्यांसाठी बावीस इंचांवर फळी, त्यांचा हात पोहोचेल अशा खुंट्या, न्हाणीघराच्या दाराला आतून दोन कड्या, एक वर, एक खाली. मी सगळ्याचा विचार केला होता. नकाशावर स्वयंपाकघराचं दार दक्षिणेला होतं आणि तो नकाशा मी इतक्या वेळा पाहिला होता, की डोळे मिटून काढू शकले असते.

"स्टोव्ह खाली का आहे?" मी रंभाबाईंना विचारलं. रंभाबाई घराची देखरेख करत. साठीच्या, बुटक्या, तोंडाने तिखट.

"तिले उभ्यानं जमत नाही म्हणते."

"कंबर दुखते का?"

"कंबर कायची दुखते, पंचविशीतली पोरगी ते. मी सांगून पाहिलं. हो म्हणते न पुन्हा खाली ठेवते." मग ओट्याकडे पाहून म्हणाल्या, "न तुमचा ओटा तं असा आहे बाई, भात शिजला का नाही ते पाहाले मले निसणी लागते."

"शिडी लागणारच, तुमची उंची सरासरीत नव्हती धरली."

"मले कोण धरते," असं म्हणून त्या हसत निघून गेल्या. कोपऱ्यातली बाई हसली नाही. मनकर्णा तिचं नाव. रामटेककडची. सात आठवड्यांपूर्वी नागपुरातल्या मावसबहिणीकडे पळून आली, बहिणीने समितीत आणून सोडलं. बरोबर पाच वर्षांची मुलगी, बेबी. मनकर्णेच्या मानेवर, केसांच्या अगदी खाली, एक जुनी आडवी खूण होती, केस वर बांधले की दिसायची. ती खूण मी पाहिली होती. मी सगळं पाहत होते, नोंदवत होते.

त्या आठवड्यात समितीची बैठक झाली. अध्यक्ष अंजनाबाई, एका मुलींच्या शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांच्या आवाजात अजून तास सुरू असल्यासारखं असे. घरातल्या पाच लहान मुलांपैकी एक जमिनीवरच्या स्टोव्हवर पडता पडता वाचलं होतं, रॉकेल सांडलं होतं. "कौसल्या, तू सायन्सची आहेस," त्या मला म्हणाल्या. "इथे भावना नकोत. जमिनीवर स्टोव्ह धोक्याचा की नाही, एवढंच सांग."

"धोक्याचा आहे."

"किती?"

मी सांगितलं. जमिनीलगत हवा कशी कमी खेळते, रॉकेल सांडलं तर किती लांब पसरतं, तीन वर्षांच्या मुलाचा हात किती उंचीवर असतो. सगळं खरं होतं. त्या दिवसांत रोज नाही तरी दर आठवड्याला पेपरात एका कोपऱ्यात बातमी असायची, स्टोव्हचा भडका उडून विवाहितेचा मृत्यू, आणि तो भडका कसला असतो हे वाचणाऱ्या प्रत्येक बाईला माहीत असायचं. अंजनाबाई म्हणाल्या, "या घरात स्टोव्ह भडकला असं कुठेही छापून येता कामा नये. मग ते खरं असलं तरी कोणी खरं मानणार नाही." ठराव झाला, स्टोव्ह ओट्यावरच. जिला हे पाळायचं नसेल तिने आपली सोय दुसरीकडे पाहावी. नाव कोणी घेतलं नाही, घ्यायची गरज नव्हती. मनकर्णेला दुसरीकडे म्हणजे कुठे, हेही कोणी विचारलं नाही. मी हात वर केला आणि म्हणाले, सोय पाहायची वेळच येऊ नये असं मी करून देते. मला खरंच वाटत होतं की मी तिची बाजू घेते आहे.

नत्थूजी मिस्त्रींकडून मी लोखंडी चौकट करून घेतली. स्टोव्ह तिच्यात घट्ट बसायचा, तीन बोल्ट कडप्प्यातून आरपार. काढायचा तर पाना लागेल. नत्थूजींनी शेवटचा बोल्ट आवळला, स्टोव्ह हलवून पाहिला, म्हणाले, "बाई, म्हैस खुट्याले बांधावं तसं झालं हे."

"म्हैस सुटून जाते नत्थूजी, हा जाणार नाही."

"म्हैस कशाले जाईन? तिले चारा भेटते तिथं," ते म्हणाले आणि अवजारं पिशवीत भरू लागले.

दुसऱ्या दिवशी मी वही घेऊन गेले. मनकर्णा ओट्याशी उभी होती, खिडकीकडे तोंड. उजेड तिच्या हातांवर पडला होता, अगदी मला हवा तसा. मी दारापाशी स्टूल घेऊन बसले. ती भाकर थापायची, मान वळवून मागे पाहायची, तव्यावर टाकायची, मागे पाहायची, पाणी फिरवायची, पाहायची. मी मोजलं. एक भाकर होईपर्यंत अकरा वेळा. दुसरीला नऊ. तिसरी करपली. वहीत लिहिलं: 'कामात लक्ष नाही. सवय व्हायला अंदाजे दोन आठवडे.' तिच्या पदराखाली पाठीचा घाम एका लांब पट्ट्यासारखा उतरला होता, मार्च महिना, खिडकीतून वारा येत असताना. तोही मी पाहिला. लिहिला मात्र नाही, कारण त्याचं काय करायचं ते कळलं नाही. आता वाटतं, ती मागे पाहायची तेव्हा तिला प्रत्येक वेळी मी दिसत होते, दारात, तिच्या मागे, हातात काहीतरी घेऊन.

नवव्या दिवशी, सोमवारी, मी गेले तेव्हा रंभाबाई अंगणात धान्य पाखडत होत्या. त्यांनी सूप खाली ठेवलं नाही. "गेली," म्हणाल्या.

"कोण?"

"कोण म्हंता? तुमची उभी राहाणारी."

मी पायरीवर बसले. त्या पाखडत राहिल्या आणि सूप थांबेल तेवढ्या वेळात एकेक वाक्य बोलत राहिल्या. शनिवारी सकाळी मनकर्णा भाकरी करत होती. बेबी खेळता खेळता आत आली. अनवाणी, पायाचा आवाज नाही. मागून आईचा पदर ओढला. "त्याबरोबर हे अशी गर्रकन फिरली. हातात तापलेलं उलथनं. पोरीच्या इथं," रंभाबाईंनी स्वतःच्या गालाच्या वरच्या हाडावर बोट ठेवलं. "डोळा वाचला. पोरगी रडली नाही बाई. तेच मले पाहावलं नाही. रडली नाही, नुसती मायकडे पाहून राहिली. न माय खाली बसली ते उठेच ना. मी हळद लावली, पोरीले मांडीवर घेतलं, तं हे म्हणते, माझ्यापासून दूर न्या तिले. काल दुपारी पेटी उघडली, कपडे घेतले. म्हटलं, काहून जातं वं, अंजनाबाईले येऊ दे. तं म्हणे, इथं राहिली तं मीच मारून टाकीन पोरीले."

"पण घाबरली कशाने एवढी? बेबीच तर होती."

रंभाबाईंनी मग सूप ठेवलं. माझ्याकडे त्यांनी ज्या नजरेने पाहिलं तीत तिखट काही नव्हतं, त्यामुळे ती सहन झाली नाही. "तो तिले मागून मारे. भाकरी करता करता. भांडण नाही, बोलणं नाही. ते चुलीपाशी असली का मागून ये. घरी तिनं चूल हालवून घेतली होती कोपऱ्यात, तवापासून जरा बरं होतं म्हणे. दिसे तरी."

"तुम्हाला हे माहीत होतं?"

"काल सांगितलं तिनं. जाता जाता." त्यांनी सूप परत उचललं. "विचारलं कोणी होतं तिले?"

मी आत गेले. स्वयंपाकघरात कोणी नव्हतं. ओट्याशी जाऊन उभी राहिले, खिडकीकडे तोंड करून, तिच्या जागेवर. कडप्पा थंड होता. समोर शेजारच्या घराची भिंत, तिच्यावर वाळत घातलेली गोधडी, वर आकाशाचा तुकडा. चार महिने या खोलीत हिंडले होते, पण इथे कधी उभी राहिले नव्हते. मी कायम वरून पाहिलं होतं, कागदावर, जिथून सगळ्यांची डोकी म्हणजे नुसती वर्तुळं असतात. मिनिटभर काही झालं नाही. मग खांद्यांच्या मधली कातडी हळूहळू जागी व्हायला लागली. मागे दार होतं, ते दिसत नव्हतं, आणि न दिसणारं दार मोठं होत जातं. बाहेर सुपाचा आवाज थांबला आणि माझी मान आपोआप वळली. कोणी नव्हतं. मी परत खिडकीकडे पाहिलं, आणि तेव्हा मला आमच्या गावचं, खाप्याचं, स्वयंपाकघर दिसलं. आठवलं असं म्हणता येत नाही. विसरले नव्हतेच. फक्त मी त्याच्याकडे आजवर या बाजूने पाहिलं नव्हतं.

आमची चूल खिडकीखाली होती. मी सात वर्षांची असताना एका दिवाळीच्या आधी आईने स्वतःच्या हाताने ती मोडली आणि आतल्या कोपऱ्यात नवी घातली, माती कालवून, दोन दिवस लागून. तिथे हवा नव्हती. सगळा धूर तिच्या तोंडावर यायचा, ती खोकायची, डोळे पुसायची, पण बसायची तिथेच, भिंतीला पाठ लावून, माजघराच्या दाराकडे तोंड करून. आम्हाला ते नेहमीचंच झालं. वडील, मनोहरराव, नगरपालिकेच्या शाळेत गणित शिकवायचे. गावात त्यांना मान होता, गरीब पोरांना घरी बोलावून शिकवायचे, आवाज कधी चढत नसे. मला आठवतं ते एवढंच की मी माजघरात अभ्यास करत असताना कधीकधी ते वही बाजूला ठेवून उठायचे, आत जायचे, आणि आतून भांडं पडल्याचा आवाज यायचा. मग ते येऊन पुन्हा वही उघडायचे. 'भांडं पडलं,' मी मनात म्हणायचे, आणि पुस्तक घेऊन बाहेर ओसरीवर जायचे, कारण बाहेर उजेड चांगला असतो. आईच्या मानेला एकदा सूज होती. 'पाटीची कड लागली,' ती म्हणाली होती, आणि मी ते, कुठलीही गोष्ट पुराव्याशिवाय मान्य न करणारी मुलगी, मान्य केलं होतं.

नववीत मला हवेचे प्रवाह हा धडा होता. मी उदबत्ती लावून आमच्या स्वयंपाकघरात फिरले, धूर कुठे वळतो ते पाहिलं, कागदावर बाण काढले आणि वडिलांना दाखवले. चूल चुकीच्या जागी आहे. तिची जागा खिडकीखाली. आईच्या खोकल्याचं कारण मी शोधून काढलं होतं. वडिलांनी कागद दोनदा पाहिला, माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि आईला हाक मारली, "अगं, पाहिलंस का? पोरगी सांगते हे शास्त्र आहे." आई दाराला धरून उभी होती. "राहू द्या नं," ती म्हणाली, "मले इथंच बरं वाटते." वडील हसले. "तुला बरं वाटतं म्हणून हवा दिशा बदलत नाही." मीही हसले. पुढच्या रविवारी गवंडी आला, चूल खिडकीखाली गेली. खोकला खरंच थांबला. मी शाळेत त्यावर निबंध लिहिला, पहिला नंबर आला. भांडं पडल्याचे आवाज वाढले की तेवढेच राहिले, हे मला माहीत नाही. ते मी मोजलं नव्हतं. मी बारावीपर्यंत अभ्यास ओसरीवरच केला.

किती वेळ ओट्याशी उभी होते कोण जाणे. रंभाबाई आत आल्या आणि दारातूनच मोठ्याने म्हणाल्या, "मी येऊन राहिली वं." आत यायच्या आधी बोलायचं. बस एवढंच. त्यांना ते एका दिवसात कळलं होतं.

मी दुसऱ्या दिवशी ऑफिसात गेले नाही, खाप्याला गेले. वडील जाऊन दोन वर्षं झाली होती. आई एकटी राहते, चुलीच्या जागी आता वातीचा स्टोव्ह, पण तिथेच, खिडकीखाली. मी चप्पल बाहेर काढून पाय न वाजवता माजघरातून दारापर्यंत आले. ती वांगी चिरत होती, पाठमोरी. मी काही बोलायच्या आधी म्हणाली, "ये वं कौसल्या. आज मधीच कशी?"

"मी आहे हे कसं कळलं?"

"कळते." ती वळली नव्हती. "पाठीले कळते मले, कोण आहे ते."

मी तिच्या शेजारी जाऊन बसले. तिची बोटं वांग्याच्या देठाचे काटे चुकवत भरभर चालत होती. मी विचारलं, "आई, तू ते चूल कोपऱ्यात काहून नेली होती, मी लहान होती तवा?" खाप्यात माझी भाषा आपोआप बदलते.

सुरी थांबली नाही. "झाले आता पंधरा-सोळा वर्षं. कोणाले याद आहे."

"तुले याद आहे."

"धूर लय होत होता नं तिथं. तूच तं सांगितलं."

"मी सांगितलं तवा तू नाही काहून म्हटलं नाहीस? मले एकटीले बोलावून सांगायचं होतं."

तिने चिरलेली वांगी पाण्यात टाकली. पाणी काळपट होत गेलं. "काय सांगू लेकराले?" ती म्हणाली. आणि मग, जणू काही चांगलं आठवून, "तुले किती आनंद झाला होता तवा. कागद घेऊन नाचत होती घरभर." तिने माझ्याकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर माझ्याविरुद्ध काही नव्हतं. मी शोधलं, पण नव्हतं. "भाजीत तिखट कमी टाकू का? तुले आता जमत नसन शहरात," ती म्हणाली.

तिथून परत येऊन मी दोन दिवसांत नवा नकाशा काढला. ओटा भिंतीपासून सोडवून खोलीच्या मध्ये, करणारी उत्तरेला उभी, तोंड दाराकडे, पाठीमागे खिडकीची भिंत. किंवा बसूनच करायचं असेल तर कोपऱ्यात वीतभर उंच चौथरा, भोवती मुलांसाठी कठडा. धूर थोडा खोलीत राहील. राहू दे. गणपतराव म्हणाले, नुकतंच बांधलेलं तोडायचं? मी हो म्हणाले. अंजनाबाईंनी नकाशा पाहिला, चष्मा काढून पुसला. "मी चौतीस वर्षं मुलींच्या तोंडाकडे पाहून ओळखायचे कोण उपाशी आली आहे," त्या म्हणाल्या. "इथे मी ठराव केला." मग म्हणाल्या, "ती येत असेल तर आण. मी तिची क्षमा मागेन." मनकर्णा नवऱ्याकडेच परत गेली होती; रंभाबाईंकडच्या वहीत तिथला पत्ता होता.

रामटेकच्या अलीकडे, मँगनीजच्या खाणीच्या कामगारांची वस्ती. एसटीतून उतरून मी चालत गेले, बगलेत नकाशाची गुंडाळी. दुपार व्हायची होती. धानाची शेतं कापून मोकळी पडलेली, लांब टेकडीवर देवळाचं टोक. विचारत विचारत घर सापडलं. दार उघडं होतं. मी आत वाकून पाहण्याआधीच आतून दोन डोळे माझ्यावर होते. मनकर्णा कोपऱ्यात चुलीमागे बसली होती.

"दारात नोका उभ्या राहू," ती म्हणाली. "उजेड अडते. इकडं या."

मी तिच्या बाजूला, भिंतीशी बसले. बेबी पलीकडे चिंध्यांची बाहुली करत होती. गालाच्या हाडावर बोटभर लांब, तपकिरी खपली. डोळ्यापासून किती अंतर होतं ते मी पाहिलं आणि पुन्हा पाहू शकले नाही. मनकर्णेच्या ओठाला चीर होती, ताजी.

"चूक माझी झाली," मी म्हणाले. बोलताना मला कळलं की मी हे वाक्य दुसऱ्याच कोणाला तरी म्हणायला हवं होतं आणि ते खाप्यात म्हटलं नाही. मी नकाशा उलगडला. हे दार, हा ओटा, आता तोंड इकडे. हा कोपरा. इथे बसता येईल. येणारी प्रत्येक बाई आधी आवाज देईल, तसा नियम केला आहे. ती वाकून पाहत होती, मन लावून.

"याच्यात मी कुठी आहे?"

मी बोट ठेवलं. तिथे कोरा कागद होता.

"चांगलं आहे," ती म्हणाली. "जे येईन तिले चांगलं होईन."

"तू ये. आज चल माझ्याबरोबर. अंजनाबाईंनी पाठवलं आहे मला."

तिने चुलीतलं लाकूड मागे ओढलं. "बाई, तिथं मी माझ्या पोरीले भाजलं. तिचा बाप मले मारते, तिले हात लावत नाही. अजून तं नाही. मी तं लावला." ती हळू आवाजात, एकेक गोष्ट नीट मांडून सांगत होती. "तुम्ही ओटा फिरवसान. माझ्या अंगात जे बसलं ते कशानं फिरवता? पुन्हा ते मागून आली तं? इथं मले माहीत आहे, येते तं तोच येते, न या दारातूनच येते."

"पण तो मारतो."

"हो."

बाहेर सायकल भिंतीला टेकल्याचा आवाज झाला. मनकर्णा हलली नाही, फक्त तिची पाठ भिंतीला आणखी लागली. ती भराभर कुजबुजली, "हिले घेऊन जा. शाळेच्या बाई म्हणा. पोरगी आहे, तो अडवणार नाही. मी आली तं तो माझ्या मांगं येईन, हिच्या मांगं नाही येणार." आणि आवाज न बदलता मोठ्याने, दाराकडे, "आले का? शाळेतल्या बाई आल्या आहेत, नागपूरच्या."

तिचा नवरा बळीराम दारात उभा होता. सडपातळ, अंगावर खाणीची काळी धूळ. त्याने चटकन खांद्यावरचं फडकं काढून हात पुसले आणि नमस्कार केला. "बसा बाई, बसा. काहून वं, चहा नाही ठेवला बाईले?" त्याचा आवाज मऊ होता. तो आवाज मला ओळखीचा वाटला.

"बेबीचं नाव घालायचं म्हणते आहे शाळेत," मी म्हणाले. आयुष्यात मी इतकं सरळ खोटं बोलले नव्हते. "राहण्याची सोय आहे. जेवण, कपडे, सगळं. जागा एकच उरली आहे, आज न्यावं लागेल."

तो विचार करत बेबीकडे पाहत राहिला. "गालाले काय झालं तं पाहिलं का बाई? मायनंच भाजलं," तो हसून म्हणाला. "माय आहे का कोण आहे. न्या. शिकली तं चांगलंच आहे. माय तं अनपढ."

मनकर्णेने बेबीचे दोन फ्रॉक आणि बाहुली एका फडक्यात बांधून माझ्या हातात दिली. मग चहा ठेवला. मी तो प्यायले. तो माझ्यासमोर उंबऱ्यावर बसून शाळेबद्दल विचारत होता, मुली किती, मास्तर की बाई, आणि मी उत्तरं देत होते, सगळी बनवलेली. समितीत मुलाला आईशिवाय ठेवत नाहीत, हे मला ठाऊक होतं. अंजनाबाईंना काय सांगायचं हे ठाऊक नव्हतं. मी उठले.

"जाय, मायले भेट," बळीराम म्हणाला.

मनकर्णा पाठमोरी झाली होती. चहाचं भांडं विसळायला ती मोरीकडे वळली होती, तेवढ्यापुरती. बेबी तिच्यापासून दोन पावलांवर होती, मागे. हात लांबवला असता तर पदर हाती आला असता. तिने लांबवला नाही. ती भिंतीच्या कडेने निघाली, चुलीला पूर्ण वळसा घालून, मडक्यांच्या उतरंडीमागून, आणि आईच्या समोर जाऊन उभी राहिली, आई वर पाहीपर्यंत. आईने पाहिल्यावरच तिने हात पुढे केला.